कोरड्या दिवशी मोजलेली मोरी

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत, फक्त तोंड आहे. मी एक जुनी मोरी आहे. तेरेक-बोयू गावात नानवाल्यांच्या गल्लीखालून एक नळ येतो आणि मोठ्या कालव्याच्या काठावर संपतो. तो जिथे संपतो तिथे मी आहे. छपरांवरचे, अंगणांतले, रस्त्यावरचे पावसाचे पाणी गोळा होऊन माझ्यापर्यंत येते आणि मी ते कालव्यात सोडते. वर गल्लीत कुणी बोलले की आवाज नळातून घरंगळत थेट माझ्याकडे येतो. त्यामुळे गावाच्या लग्नांतली गाणी, सासवासुनांची भांडणे आणि पिठाच्या भावावरून होणारी हुज्जत मी घरबसल्या ऐकली आहे. आज जे सांगणार आहे तेही बरेचसे असेच ऐकलेले आहे. ते आनंदाचे नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म झाला तेव्हा हा देश फार मोठा होता आणि त्याचे हुकूम मॉस्कोहून येत. गवंड्यांनी मला काँक्रीटची चौकट दिली आणि एका वेल्डरने माझ्या तोंडावर लोखंडी झडप टांगली. झडपेचे काम सोपे होते. आतून पावसाचे पाणी आले की ती बाहेर ढकलली जाई आणि पाणी सुटे. बाहेर कालवा भरला की कालव्याचेच पाणी तिला माझ्यावर दाबून धरी. पाणी जितका जोर लावी तितकी ती घट्ट बसे, आणि कालव्याचा थेंबही गल्लीत शिरत नसे. गल्लीपुरता पाऊस नळात थोडा वेळ थांबे, साठून त्याला जोर आला की झडप उचलून बाहेर पडे. पाहणीला आलेले साहेब माझ्या कपाळावर थाप मारून म्हणाले होते, "ही आपल्या नातवंडांनाही पुरेल." मी किती फुगले म्हणून सांगू!

आता कालव्याबद्दल सांगायला हवे, कारण सगळी गोष्ट त्याच्यापाशी येऊन अडते. हिवाळ्यात त्याचे पाणी वरच्या धरणाशी बंद करतात. मग तो इतका कोरडा पडतो की त्यात शेळ्या चरतात. वसंतात, पाणी सोडण्याच्या आदल्या दिवशी, सगळे गाव फावडी घेऊन त्यात उतरते आणि गाळ काढते. याला आमच्याकडे अशार म्हणतात. मजुरी कुणी देत नाही आणि घरी कुणी राहत नाही. कालव्याच्या तळातच चुली मांडतात, कढयांत पुलाव शिजतो, आणि दुपारी सगळे एका लांब कापडाभोवती जेवायला बसतात. दुसऱ्या दिवशी पाणी सुटते आणि माझ्या कपाळाच्याही वर चढते. मग शरद ऋतू येईपर्यंत मी पाण्याखाली असते.

पुढे देश फुटला. कारखाने बंद पडले, लोक पोटासाठी रशियाला जाऊ लागले, आणि मागे राहिलेले लोखंड भंगारात विकू लागले. एका हिवाळ्यात माझी झडपही गेली. कुणी नेली ते मला माहीत आहे, पण त्याच्या घरी तेव्हा चूल पेटत नव्हती, म्हणून नाव घेत नाही. त्यानंतर दर उन्हाळ्यात कालव्याचे पाणी नळातून उलटे शिरू लागले. नळ अरुंद होता, त्यामुळे गल्लीतल्या तळघरांची जमीन ओलसर होई, यापलीकडे काही बिघडले नाही. लोकांनी त्या ओलीशी जुळवून घेतले आणि मला विसरून गेले.

सगळ्यांत जास्त ओल तुरसुनायच्या भट्टीत येई. तुरसुनाय गल्लीतली नान भाजणारी बाई. तिची भट्टी अर्धी जमिनीखाली होती. रस्त्यावरून पायऱ्या उतरायच्या, की समोर लोखंडी दार. ते दार तिचा मुलगा एरमेक याने केले होते. एरमेक वेल्डर होता. पिठाची पोती चोरीला जाऊ लागली तेव्हा त्याने जाड पत्र्याचे दार बनवले, पायऱ्यांच्या बाजूला, बाहेर उघडणारे. ते इतके जड होते की बंद झाले की सगळ्या नळात आवाज घुमे. तुरसुनाय त्याला म्हणे, "अरे, पीठ राखतोयस की खजिना?"

तिच्याच घरी तिची भाची बेगिमाय वाढली. आई मॉस्कोत कुणाकुणाची घरे पुसायची, म्हणून पोर मावशीकडे. आईच्या बहिणीला इकडे तायेजे म्हणतात. या तायेजेनेच तिला भरल्या कालव्यात पोहायला शिकवले. पाण्याखाली माझ्या कपाळाची कड हाताला लागते, तिला धरून बेगिमाय पाय मारायची आणि तायेजे काठावरून ओरडायची, "कड सोड आता! मोरीशी लग्न लावलंयस काय?" ती लहान बोटे मला अजून आठवतात.

बेगिमाय शिकायला राजधानीला, बिश्केकला गेली आणि गावोगावच्या पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचे आराखडे करणाऱ्या कचेरीत नोकरीला लागून परत आली. कचेरीचा प्रमुख दुयशेन नावाचा माणूस होता. त्या वर्षी गावाचा वरचा बाजार पावसात तुंबला आणि ठरले, की बाजाराचे पाणी मोठ्या नळाने नानवाल्यांच्या गल्लीखालून आणून माझ्या तोंडातून कालव्यात सोडायचे. हे जमेल की नाही ते आधी कॉम्प्युटरमध्ये पाहायचे असते. त्यात गावाच्या गल्ल्या, नळ, चढउतार सगळे मांडतात, खोटा पाऊस पाडतात, आणि पाणी कुठे तुंबते ते बघतात. हे मांडण्याचे काम बेगिमायकडे आले. तिने ते हौसेने घेतले. मावशीच्या जमिनीची ओल एकदाची जाईल, हे तिच्या मनात होते.

माझे माप घ्यायला ती आली ती अशारच्या दिवशी. दुसऱ्या कोणत्या दिवशी येणार? भरल्या कालव्यात माझ्या तळापर्यंत कुणाला पोहोचता येत नाही आणि हिवाळ्यात मी गाळाने बुजलेली असते. लोकांनी माझ्यापुढचा गाळ काढला, तिने माझी रुंदी, उंची, तळाची पातळी सगळे मन लावून मोजले, आणि माझ्या चौकटीवरच कॉम्प्युटर ठेवून मला त्यात मांडायला बसली. इतक्या वर्षांत माझ्याकडे इतके लक्ष कुणी दिले नव्हते. मी अगदी हरखून गेले होते.

तुरसुनाय हातातले पीठ झटकत तिच्यापाशी आली.

"काय गं करतेस? सगळं गाव फावडं मारतंय आणि तू आपली बोटं मारतेस."

"तायेजे, ही बघ तुझी मोरी," बेगिमाय म्हणाली. "हा त्रिकोण दिसतोय ना, ती."

"एवढीशी? आणि मी कुठाय?"

"तू या चौकोनात. भट्टी, पीठ, शिव्या, सगळ्यांसकट."

"मग तुझ्यासाठी एक नवराही मांड त्यात कुठंतरी. खऱ्यात तर सापडेना."

आजूबाजूच्या बायका खळखळून हसल्या. बेगिमायही हसली. तिचे जवळजवळ सगळे भरून झाले होते. शेवटचा एक रकाना राहिला होता. पाणी बाहेर पडते तिथे समोर काय असते, असे कॉम्प्युटर विचारतो. समोर काहीच नसेल तर मोकळे. समोर पाणी उभे असेल तर ते कुठपर्यंत, तो आकडा द्यावा लागतो. काही न सांगितले तर तो आपणच मोकळे धरून चालतो.

"चल, पुलाव निवतोय," तुरसुनायने तिचा दंड धरला. "म्हातारी माणसं तुझ्यासाठी हात आवरून बसलीत. प्रार्थना करून ओमीन म्हणायचं राहिलंय."

"आले, एवढं एक—"

"एवढं एक मेल्यावर कर. ऊठ!"

आमच्याकडे कढईपुढून उठता येते, पण कढईकडे यायला नाही म्हणता येत नाही. बेगिमायने एकदा समोर पाहिले. कालव्याच्या कोरड्या तळात मुले धावत होती आणि चुलींचा धूर वर जात होता. तिने कॉम्प्युटर मिटला. रकाना तसाच राहिला, म्हणजे मोकळा. नंतर भरू म्हणून ती उठली, आणि नंतर ती हे विसरली. दुसऱ्या दिवशी पाणी सुटले, मी बुडाले, आणि तिला पुन्हा माझ्याकडे यायची गरज पडली नाही.

कॉम्प्युटरमधला पाऊस माझ्यातून छान वाहून गेला. कुठेच तुंबले नाही. दुयशेनने बेगिमायची सगळ्यांसमोर तारीफ केली. पुढच्या हिवाळ्यात माझी चौकट फोडून रुंद केली आणि बाजाराचा मोठा नळ मला जोडला. झडप लावा असे कुणीच म्हणाले नाही. जिच्यापुढे पाणी कधी उभेच राहत नाही असे आराखडा सांगतो, तिला झडप कशाला? गल्लीत नान वाटून आनंद साजरा झाला. तुरसुनाय सगळ्यांना सांगत होती, "आमच्या पोरीनं केलंय हे, आमच्या पोरीनं!"

मग वसंत आला, अशार झाली, कालवा भरला. थोड्याच दिवसांनी, एका दुपारी, डोंगराकडून काळा पाऊस आला.

मित्रांनो, त्या दुपारी वरच्या बाजाराचे सगळे पाणी धावत माझ्याकडे आले. मी त्याला बाहेर काढू पाहत होते, पण बाहेर कालवा माझ्या कपाळाच्या वर उभा होता. बाजाराच्या पाण्याला जायला जागा नव्हती आणि कालव्याचे पाणी आत घुसत होते. दोन्ही पाणी नळात भिडली आणि सापडेल त्या झाकणातून गल्लीत उसळली. गल्लीतला सगळ्यांत खालचा भाग म्हणजे तुरसुनायच्या भट्टीच्या पायऱ्या.

ती आत होती. तंदूरमधून शेवटचे नान काढत होती. पायऱ्यांची विहीर झाली आणि बाहेर उघडणारे दार पाण्याने दाबून धरले. आतल्या जमिनीतूनही पाणी वर येत होते. ती दारावर हात मारत होती. तो आवाज नळातून माझ्याकडे येत होता, पाण्यातून यावा तसा, जड. ती आधी एरमेकला हाका मारत होती. मग नुसते हात मारत होती. एरमेक आला तेव्हा तो छातीभर पाण्यात उभा राहून दार ओढत होता आणि गल्लीतले पुरुष त्याला मदत करत होते, पण त्याने केलेले दार मजबूत होते. आतला आवाज थांबला, तरी ते बराच वेळ दार ओढतच होते.

मला तोंड आहे, मित्रांनो, पण ओरडता येत नाही.

तिच्या दारात राखाडी तंबू उभा राहिला. आमच्याकडे मेलेल्याला तंबूत ठेवतात आणि बायका त्याच्याकडे तोंड करून, सुरात, त्याचे गुण सांगत रडतात. भाचीने तिथे सगळ्यांत मोठ्याने रडायला हवे होते. बेगिमाय थोडा वेळ बसली आणि उठून कालव्यावर आली. माझ्या वरच्या काठावर ती बसून राहिली. नळातून बायकांचे रडणे येत होते, 'हाताला चव होती गं तुझ्या, दाराला कडी नव्हती गं तुझ्या,' आणि ती खाली, जिथे मी असायला हवे होते तिथे, पाण्याकडे पाहत होती. मी दिसत नव्हते. तेव्हा तिला तो रकाना आठवला असावा, कारण ती ताडकन उठली आणि पळत घरी गेली.

ती कॉम्प्युटर घेऊन परत आली. काठीने पाण्याची पातळी मोजली, तो आकडा रकान्यात भरला, आणि पुन्हा खोटा पाऊस पाडला. या वेळी पडद्यावर नानवाल्यांची गल्ली लाल झाली, आणि सगळ्यांत आधी तो एक चौकोन.

दुयशेन तिला शोधत काठावर आला. तिने पडदा त्याच्याकडे वळवला.

"बंद कर ते," तो म्हणाला. "अहवालात लिहून झालंय. असा पाऊस पूर्वी कधी झालाच नव्हता."

"पाऊस नेहमीचा होता, साहेब. मी मोरी मोकळी दाखवली."

"मुद्दाम दाखवलीस का? नाही ना? मग झालं तर. मेलेलं माणूस परत येणार आहे का? तुझी नोकरी मात्र जाईल. आणि माझीही."

"बाकीच्या मोऱ्यांचं काय? कालव्यावर ओळीनं आहेत. त्यांचे आराखडे कुठून केलेत?"

आराखडे तिच्याच फाइलवरून केले होते, माझी नक्कल करून. सगळ्या मोऱ्या मोकळ्या दाखवल्या होत्या. प्रत्येकीच्या मागे एकेक गल्ली होती आणि येत्या दोन हिवाळ्यांत तिथेही मोठे नळ टाकून मग ते जोडायचे होते.

"लोक ओरडतील आणि विसरतील," दुयशेन म्हणाला. "तू तोंड उघडू नकोस." आणि निघून गेला.

बेगिमायने तोंड उघडले नाही. तो उन्हाळा गेला, शरद गेला, पाणी ओसरले, मी पुन्हा उघडी पडले. ती रोज कचेरीत जायची. गल्लीत जाताना मान खाली घालून, पलीकडच्या बाजूने जायची. एरमेक तिला घरी बोलवायचा, "ये की गं, आईचा तंदूर गार पडलाय, निदान चहा तरी घेऊ," आणि ती काहीतरी कारण सांगायची. मला तिचा फार राग आला होता. आणि तिची कीवही येत होती.

पुन्हा अशार आली. गाळ काढून झाला, कढया उतरल्या, कापड अंथरले. जेवणाआधी म्हाताऱ्यांनी तुरसुनायसाठी प्रार्थना केली. सगळ्यांनी ओमीन म्हणत तळवे चेहऱ्यावरून फिरवले. पहिला घास घेण्याआधी बेगिमाय उठली. तिच्या हातात निळा रंग भरलेला डबा होता. ती माझ्यापाशी आली, माझ्या वर हात उंच करून भिंतीवर बोटांनी एक आडवी रेघ ओढली, आणि गावाकडे तोंड करून उभी राहिली.

"उद्या पाणी सुटलं की इथपर्यंत येईल," ती म्हणाली. "गेल्या वर्षीही इथपर्यंतच होतं. मी आराखड्यात सांगितलं की इथं पाणी नसतंच. म्हणून झडप लावली नाही. म्हणून तायेजे गेली. बाकीच्या मोऱ्यांचे आराखडेही तसेच चुकलेत. ते नळ जोडू देऊ नका."

कढईतून वाफ येत होती. मग एरमेक उठला.

"तुला माहीत नव्हतं? कालवा भरतो ते?"

"होतं."

"पोहायला कुठं शिकलीस तू?"

"इथंच."

"कुणी शिकवलं?"

एरमेक उत्तरासाठी थांबला नाही. कापडाला वळसा घालून तो काठ चढला आणि निघून गेला. लोक जेवण तसेच टाकून उठले. दुयशेन तर आधीच निघून गेला होता. ती एकटी माझ्यापुढे उभी राहिली, निळ्या बोटांनी.

ऊन उतरायच्या सुमारास काठावर हातगाडीची चाके वाजली. एरमेक परत आला होता. गाडीवर त्याची वेल्डिंगची यंत्रे होती आणि वर ते दार होते, भट्टीचे. त्याने ते कालव्यात उतरवले, माझ्या तोंडाला लावून पाहिले, कापले, वरच्या कडेला बिजागऱ्या जोडल्या. बेगिमाय पुढे झाली आणि दार धरून उभी राहिली. तो तिला धर म्हणाला नाही, सोडही म्हणाला नाही. काम संपत आले तेव्हा तो ठिणग्यांकडे बघत म्हणाला, "मोरी तू मोकळी दाखवलीस. दार मी केलं होतं."

"एरमेकदादा—"

"पाणी दाबायला लागलं की हे उघडत नाही. तिथं नको होतं ते. इथं पाहिजे." त्याने कपाळावरचा घाम पुसला. "नीट धर. हलतंय."

मित्रांनो, त्यानंतर त्या दोघांत फारसे बोलणे झालेले मी ऐकलेले नाही. बेगिमायची नोकरी गेली. बाकीच्या मोऱ्यांचे काम थांबले आणि त्यांचे आराखडे पुन्हा होत आहेत, ते दुसरे कुणीतरी करते आहे. बाजाराचे पाणी जुन्या ओढ्याकडे वळवायचे ठरले, पण चर अर्ध्यावरच आहे, म्हणून ते अजून माझ्याकडेच येते. झडप असली तरी इतके पाणी मला पेलेल की नाही, ते मला ठाऊक नाही. गल्लीत आता तळघरात कुणी भट्टी लावत नाही. ढग आले की बायका मुलांना घेऊन वरच्या अंगाला जातात.

तुमच्याही गावात माझ्यासारखी एखादी मोरी असेल. तिच्याकडे लक्ष द्या. पण तिला कोरड्या दिवशी पाहून परत जाऊ नका. भरल्या पाण्यात या, काठावर उभे राहा, आणि जी दिसत नाही तिच्यापुढे किती पाणी उभे आहे ते मोजा. राहिलेला रकाना राहू देऊ नका. जेवायला बोलावणारी माणसे प्रेमाने बोलावतात. त्यांना थोडे थांबायला सांगा, ती थांबतील. तुरसुनायही थांबली असती.

आता कालवा भरला आहे. निळी रेघ पाण्याला टेकली आहे आणि दार माझ्या तोंडावर घट्ट बसले आहे. डोंगराकडे गडगडते आहे. बाजाराचे पाणी नळातून उतरू लागले आहे आणि दारावर आतून धक्के देते आहे. हा आवाज मी ओळखते. या वेळी तरी दार उघडावे, एवढेच मागते.